काचेतला हात

आज सकाळी देवापुढे दिवा लावला, पण मन शेजारच्या गॅरेजमध्येच होतं.

इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आमच्या शेजारी परीक्षितभाऊ राहतात. जन्म नॉटिंगहॅमचा, आईवडील दोघंही डॉक्टर. दोनदा अंतराळात जाऊन आले. दुसऱ्या वेळी यानाबाहेर दुरुस्ती करताना सोबतचा गॅरेथ गेला. त्याचा दोर तुटला आणि भाऊंनी धरलेला हात निसटला, असं सगळीकडे छापून आलं होतं. तेव्हापासून नोकरी सोडून भाऊ गॅरेजमध्ये अंतराळाची चित्रं काढतात. यानं, चंद्र, काळोख. माणूस एकही नाही.

मी भाऊंसाठी डबा घेऊन निघाले की आमचे हे चिडवतात, "तुझे चांदोबा जेवले का?"

गेल्या महिन्यात गॅरेथच्या बायकोचं, मेगनचं पत्र आलं. त्याचं बाहेर तरंगतानाचं चित्र तिला हवं होतं. भाऊ रोज चेहरा काढायचे आणि रोज काळ्या रंगाने पुसायचे.

"वहिनी, चेहरा नाही येत. हेल्मेटच्या काचेत मीच दिसतो."

"अहो, चेहऱ्यापासून सुरुवात कशाला? माझे वडील पेणला गणपती रंगवायचे. डोळे अगदी शेवटी. बाकी मूर्ती झाली की डोळे आपसूक बघायला लागतात, म्हणायचे."

"आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं तर?"

मी डबा ठेवून आले.

काल मेगन चित्र न्यायला आली तेव्हा मी शिरा घेऊन तिथेच होते. हेल्मेटच्या काचेत गॅरेथचा चेहरा नव्हता. होते चिमुकले भाऊ, आणि त्यांचा उघडा हात. पाचही बोटं पसरलेली.

"हात निसटला होता ना?" मेगनने विचारलं.

"नाही. मी सोडला. माझाही दोर ताणला गेला होता. घाबरलो."

मेगनने त्या हातावर बोट टेकवलं. रंग ओला होता. बोट न पुसताच ती गाडीत जाऊन बसली. चित्र तिथेच राहिलं.

आज भाऊंनी विचारलं, "वहिनी, तिचा ठसा बुजवू का?"

"नको," मी एवढंच म्हणाले.

निघताना दारातून वळून पाहिलं. ठशाखाली रंगवलेली बोटं फिसकटली होती. लांबून तो हात मिटलेला वाटत होता, काहीतरी घट्ट धरल्यासारखा. भाऊ मात्र चित्राकडे पाठ करून बसले होते.