चिमणी ती चिमणीच

आमचे बाबा कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. त्यामुळे जगातला कुठलाही पाइप आपल्याला कळतो, असं त्यांचं मत. आमचं मत कुणी विचारत नाही.

बोरीवलीत नॅशनल पार्कच्या बाजूला आमचं बैठं घर. निवृत्त झाल्यावर बाबांना कोकणातल्या गावाची आठवण यायला लागली, तीही थेट पोटातून. गॅसवरची भाकरी म्हणे भाकरीच नव्हे! मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोखंडी चूल आली. चव बाबांची, धूर आईचा, अशी चोख वाटणी. आईला दमा आहे याची मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "मग चिमणी लावू ना, त्यात काय?"

चिमणी आमच्याकडे होतीच. गॅसच्या वर, बटणावर चालणारी, मीच हौसेने बसवलेली. बाबांनी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन चिमणीचा पाइप मागितला. दुकानदाराने हल्ली चिमणी म्हटल्यावर जो देतात तोच दिला, पातळ चुण्यांचा, वर प्लास्टिकचा कोपरा. बाबांनी तो चुलीला लावून दुसरं टोक गॅसच्या चिमणीच्या तेलकट पाइपात खुपसलं.

आई म्हणाली, "अहो, धुराला सरळ वर जाऊ द्या. गावी कौल सरकवायचो ना आपण?"

"तू भाकऱ्या थाप गं. चिमणी ती चिमणीच."

तिसऱ्या भाकरीला कोपरा वितळला, आतलं तेल पेटलं आणि सगळा धूर माघारी घरात. मी आंघोळीहून आले तर आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. तिला कसंबसं ओढत अंगणात आणलं. दोन दिवस ती ऑक्सिजनवर होती. हॉस्पिटलच्या बाकावर मी बाबांना विचारलं, "तेलाच्या पाइपात आग सोडायची अक्कल कुठल्या कारखान्यात शिकवली हो?" बाबा उठले आणि कुणा दुसऱ्याला पाइपाबद्दल विचारायला गेले. असं कधी झालं नव्हतं.

मग माहितगार मिस्त्री आणला. जाड स्टीलचा पाइप, सरळ छपरातून वर, लाकडी वाशापासून लांब, शेंड्यावर टोपी. गॅसच्या चिमणीशी सोयरीक कायमची तुटली.

आई घरी आली आणि लगेच पीठ मळायला निघाली. खोड जात नाही.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी मी बसतो."

ज्यांनी आयुष्यात परातीला हात लावला नाही, ते चुलीपुढे बसले. आईला अंगणात खुर्ची दिली. खिडक्या उघडल्या, जाळ केला, चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. तिचा धूर सुरसुर आत ओढला गेला. तरी माणूस तासभर हलला नाही. भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, मग करपली.

"अहो, धूर लागतोय का?" आईने बाहेरून विचारलं.

"थोडासा," बाबा म्हणाले आणि डोळे पुसले.

घरात धुराचा कणही नव्हता. पहिल्यांदाच मी त्यांची चूक काढली नाही.