खजुराने सोडलेली संकष्टी

त्या वर्षी मला देवाचा राग आला होता असं म्हटलं तर ते खरं नाही. राग बाबांचा होता. माझ्या नोकरीसाठी त्यांनी एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या, आणि ते मला आवडलं नव्हतं. दुबईत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मी. मार्क चांगले होते, पण इंटरव्ह्यूत समोर तीन माणसं बसली की माझा आवाज घशातच राहायचा. चार ठिकाणी तसं झालं. ही गोष्ट मी मैत्रिणींपासूनही लपवली होती आणि बाबांनी ती थेट गणपतीला सांगून टाकली होती. "Why drag God into it?" मी एकदा विचारलं. ते हसून म्हणाले, "अगं, मी कुठे ओढतोय, तो आहेच मधे." महिन्यातून एकदा ते चंद्रोदयापर्यंत चहा-पाण्यावर राहायचे. मी मान खाली घालून माझं जेवण जेवायची.

आमच्या दोघांमध्ये सहज होणारी गोष्ट एकच होती, सायकल. बाबा पुण्याचे. "आमच्या वेळी अख्खं पुणं सायकलवर होतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या ऑफिसात फ्रान्समधल्या एका गावाच्या रस्त्याचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं. हिरव्या टेकड्या, दोन्ही बाजूंना झाडं, एकही मोटार नाही, आणि लांबवर एक सायकलवाला. वर्ष संपलं तरी त्यांनी ते पान काढलं नाही. डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितल्यावर त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि आमचं फ्रान्स शोधून काढलं. पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान गावाच्या बाजूला डोंगरात शिरणारा जुना एकपदरी रस्ता. नव्या रस्त्यामुळे तो ओस पडलेला. वर चढायचा, खाली उतरायचा, मधेच खजुराच्या बागा, शेळ्या, आणि पुन्हा नुसते तपकिरी डोंगर. हिवाळ्यातल्या शुक्रवारी पहाटे आम्ही सायकली गाडीच्या टपावर बांधून दुबईतल्या घरून, अल मनखूलहून निघायचो.

तो शुक्रवार रमझानमधला होता, आणि नेमकी संकष्टीही. आई म्हणाली, "आज नका जाऊ, पोटात काही नाही तुमच्या." बाबा म्हणाले, "उपासाने साखर उतरते, सायकलनेही उतरते. आज डबल फायदा!" साखरेची गोळी मात्र त्यांनी रोजच्यासारखी घेतली होती. उपाशीपोटी ती घेऊ नये, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईने माझ्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू भरले. "तुला होतील, आणि त्यांना लागलेच तर उपासाला चालतात." ते लाडू मी दाराबाहेर पडण्याआधी हळूच ओट्यावर परत ठेवले. रमझानमध्ये दिवसा उघड्यावर खाताना कोणी पाहिलं तर, एवढीच माझी भीती. मला कोणी पाहू नये, अशीच मी आयुष्यभर वागत आले होते.

रस्त्यावर त्या दिवशी अजिबात वर्दळ नव्हती. सगळी वस्ती पहाटेचं सहेरीचं जेवण करून झोपलेली. चेनची बारीक कुरकुर आणि टायरखाली येणारी वाळू, एवढेच आवाज. मला ते फार आवडत होतं. पण चौथ्या चढावर बाबा मागे पडले. वळून पाहिलं तर सायकल नागमोडी चाललेली. "बाबा, you okay?" ते चिडून म्हणाले, "मी बरा आहे, तू पुढे जा." बाबा माझ्यावर कधी चिडत नसत. मी उतरून मागे गेले. थंड हवेत त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता आणि हात थरथरत होते. मी त्यांना एका गाफच्या झाडाखाली बसवलं. ते मला आईच्या नावाने हाक मारू लागले तेव्हा साखर फारच उतरली असणार असं वाटून मी पिशवी उघडली.

पिशवीत फक्त पाणी होतं. लाडू ओट्यावर आहेत, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत राहिली. बाबांच्या मोबाइलला डोंगरात रेंज नव्हती. गाडी बारा-तेरा किलोमीटर मागे, आणि मला गाडी चालवता येत नव्हती. त्यांना एकटं सोडून जाण्याचा धीर होईना.

तेवढ्यात एक मोटार आली. हे लिहिताना आजही लाज वाटते. मी उभी राहिले, हात उचलला, आणि तो खांद्यापर्यंत येऊन थांबला. तोंडातून शब्द निघाला नाही. काळ्या काचांची ती गाडी माझ्यासमोरून गेली. आतल्या माणसाला कदाचित वाटलं असेल, मी केस सारखे करते आहे. वळणापलीकडे तिचा आवाज विरला आणि पुन्हा ती शांतता पसरली. थोड्या वेळापूर्वी आवडलेली तीच शांतता.

मी बाबांजवळ गुडघ्यांवर बसले. मला स्तोत्र येत नव्हतं, आरतीसुद्धा टाळ्यांच्या आधाराने म्हणणारी मी. एवढंच म्हणाले, "देवा, मला नोकरी नको. माझ्याकडून काही होत नाही. एक माणूस पाठव." किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बाबांचे डोळे मिटत होते, मी त्यांचे गाल थोपटत होते.

मग घंटी वाजली. सायकलची.

उतारावरून एक म्हातारा पठाण जुन्या काळ्या सायकलवर येत होता, कॅरिअरवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. जवळच्या बागेत काम करायचा, हे नंतर कळलं. या वेळी मी रस्त्याच्या मधोमध उभी होते.

"क्या हुआ, बेटी? बाबा गिर गया?"

"शुगर," मी म्हणाले, "शुगर कम हो गया. कुछ खाने का है? प्लीज, चाचा."

त्याने पुढे काही विचारलं नाही. गाठोडं सोडलं. आत खजूर होते, संध्याकाळी मशिदीत रोजा सोडणाऱ्यांसाठी नेत होता तो. एकाची बी काढून त्याने माझ्या हातावर ठेवला. मी तो बाबांच्या ओठांशी नेला आणि बाबांनी दात घट्ट मिटले.

"उपास आहे," ते पुटपुटले. "चंद्र... अजून..."

मी पुन्हा प्रयत्न केला. त्यांनी माझा हात ढकलला. म्हाताऱ्याला ते समजलं असावं. "बाबा, बीमार पे रोज़ा माफ है," तो म्हणाला, "अल्लाह जबरदस्ती नहीं करता." बाबा मान हलवत राहिले. भानावर नसलेल्या माणसाला फक्त नवस आठवत होता, आणि तो नवस माझ्यासाठी होता.

तेव्हा मी जे बोलले ते ठरवून बोलले नाही. आमच्या घरी आजारी माणसाचं व्रत दुसऱ्याने पुढे न्यायची रीत आहे. आजोबांचे सोमवार आईने केले होते. मी बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने, त्या डोंगरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "बाबा, ही संकष्टी आता माझी. या क्षणापासून मी धरली. तुमचा उपास संपला. तोंड उघडा!"

त्यांनी तोंड उघडलं.

एक खजूर, मग दुसरा, तिसरा, मधे पाण्याचा घोट. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. मी तेव्हा रडले. म्हातारा नजर दुसरीकडे वळवून सायकलचं चाक फिरवत बसला. मग त्याने एक खजूर माझ्यापुढे धरला.

"मेरा उपास है, चाचा," मी म्हणाले. "अभी शुरू हुआ."

"अच्छा? खोलेगा कब? मगरिब में?"

"चाँद निकलने के बाद."

"तो तुम्हारा रोज़ा हमसे लंबा है!" तो खळखळून हसला. दोन खजूर कागदात गुंडाळून त्याने माझ्या खिशात टाकले. मग बागेत जाऊन तिथली पिकअप आणि ड्रायव्हर घेऊन आला, आमच्या सायकली स्वतः वर चढवल्या. जाताना मी विचारलं, रोज याच रस्त्याने जाता का? म्हणाला, नाही, त्याची वाट खालून, वादीतून, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रातून. पण रात्री डोंगरात पाऊस झाला, तिथे पाणी भरलं, म्हणून आज डांबरी रस्ता धरला. आमच्या डोक्यावर तर एक थेंबही पडला नव्हता.

खोर फक्कानच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई बाबांना फार रागावल्या. "उपवास और गोली साथ में? अंकल, तुम सायकल चलाता है कि सर्कस?" बाबांचे एक मित्र येऊन आम्हाला घरी घेऊन गेले. आईने दार उघडलं. तिच्या मागे ओट्यावर लाडूंचा डबा तसाच होता. मी तिला सगळं सांगितलं, डब्याचं आणि त्या मोटारीचंही. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रात्री आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र समोरच्या दोन इमारतींच्या मधून हळूहळू वर आला. आईने ओवाळलं, बाबांनी शेजारी उभं राहून मला आरतीचे शब्द सांगितले, आणि मी नैवेद्याच्या मोदकाआधी खिशातला खजूर खाल्ला. आयुष्यातला माझा पहिला उपास असा सुटला.

उरलेल्या संकष्ट्या मी पूर्ण केल्या. नोकरी पुढे लागली. ती नवसाने लागली की आपोआप, हे मी ठरवायला बसत नाही. पुढच्या शुक्रवारी आम्ही त्या बागेत मिठाई घेऊन गेलो. म्हाताऱ्याने ती रोजा सुटायच्या वेळेसाठी बाजूला ठेवली आणि बाबांना दटावलं, "आज खाया है ना?" आता दर संकष्टीला बाबा माझ्यासमोर बसून आधी नाश्ता करतात, मगच गोळी घेतात, आणि मी उपाशी राहते. सायकलच्या पिशवीत खजूर असतात, कोणी पाहो न पाहो.

कधी फार भीती वाटली की मला तो चढ आठवतो. आपल्या बळावर सगळं करायचं असतं, असं मी समजत होते, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. त्या दिवशी माझा हात खांद्यापर्यंतच उठला होता. उरलेलं अंतर त्याने कापलं, एका जुन्या काळ्या सायकलवरून.