वहिनींचं इंग्रजी कमी पडलं नव्हतं

गेल्या रविवारी सिडनीतल्या स्कोफिल्ड्सला वहिनींचा पंच्याऐंशीवा वाढदिवस झाला. त्यांच्या नातीने सगळ्यांना सांगितलं, "आजी फेल्ड हर इंग्लिश टेस्ट, यू नो!" सगळे हसले. वहिनीही हसल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि केक कापला. चाळीस वर्षं ही गोष्ट अशीच सांगितली जाते. ती खोटी आहे, आणि ती पसरवली मी.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पॅरामॅटाला दर शनिवारी मी नागरिकत्वाच्या मुलाखतीला जाणाऱ्यांना इंग्रजी शिकवायचो. वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. वर्गात सर्वांत हुशार. मित्र आणि मुलं केव्हाच ऑस्ट्रेलियन झाली होती. घरात वेगळा पासपोर्ट त्यांच्या एकटीचाच, आणि ते त्यांना फार लागायचं. मतदान, कर, राणी, पार्लमेंट, सगळं त्या भाजी चिरता चिरता घडाघडा म्हणत.

"दोन हाउसेस कशाला हो भावोजी? मी एकाचाच केर काढून दमते!"

मुलाखतीला मी सोबत गेलो. अधिकारी हसतमुख, उन्हाने लाल झालेला. सोप्यापासून सुरुवात करावी म्हणून त्याने विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

वहिनींनी मान खाली घातली. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याबाहेर कधी उच्चारलंच नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश, मोठ्याने. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, एवढंच मी सांगायचं होतं. पण मी नवा कोट घालून बसलो होतो, आणि त्या माणसासमोर मला आपल्या चालीरीतीची लाज वाटली. मी गप्प बसलो.

"नो वरीज, लव्ह," तो म्हणाला. "थोडं इंग्लिश शिकून ये."

घरी मित्राला मी सांगितलं, "इंग्रजी जरा कमी पडलं." वहिनींनी ते ऐकलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो. तोच माणूस, तोच प्रश्न. या वेळी बोलायचंच, असं मी ठरवून आलो होतो. पण त्याआधीच वहिनींनी पदर नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"पार्लमेंट हॅज टू हाउसेस, आय हॅव ओन्ली वन,
...रावांचं नेम आय टेक, नाउ माय टेस्ट इज डन!"

तो बघतच राहिला. मग वहिनींनीच त्याला इंग्रजीत सगळी रीत समजावली. तो इतका हसला की शेजारच्या टेबलांवरच्या दोघी उठून आल्या. "अगेन, प्लीज!" वहिनींनी तीनदा नाव घेतलं. बाकीचे प्रश्न त्याने कसेबसे, डोळे पुसत विचारले.

"हिला ही कविता शिकवली कुणी, मेट?"

"मीच," मी म्हणालो. तेही खोटंच.

काल हे सगळं वहिनींना फोनवर वाचून दाखवलं आणि माफी मागितली.

"माफी राहू द्या. नातीला आधी वाचायला द्या," त्या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता त्यांना आठवलं. "आणि भावोजी, ह्यांचं नाव मात्र लिहू नका हं. ते मी घेईन."