ऑक्सिजनच्या मशीनला ओवाळताना

यंदाच्या दसऱ्याला मी असा काही घोळ घातला की अजून डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या राजपुऱ्यातल्या घरी दसऱ्याला झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. माझे सासरे, आबा, आयुष्यभर पॉवरलूमवर राबलेले... त्यामुळे स्कूटी, मिक्सर, शिलाई मशीन, कुणीच सुटत नाही. यंदा त्यात भर पडली आबांच्या ऑक्सिजनच्या मशीनची. फुप्फुसं थकल्यामुळे दिवसातला बहुतेक वेळ त्यांच्या नाकाला तिची नळी असते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वेफर्सच्या पुडीत नायट्रोजन का भरतात, नळाच्या पाण्यात क्लोरीन कशाला, हेलियमचा फुगा वर का जातो... झोपेतून उठवलं तरी सांगेन. ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण दुसऱ्याला जोरात जळायला मदत करतो, हे तर दरवर्षी फळ्यावर लिहिते.

तर संध्याकाळी तबक घेऊन आबांच्या खोलीत गेले. मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि निरांजन ओवाळायला लागले.

आबा एकदम जोरजोरात हात हलवायला लागले. बोलायला दम पुरेना. मला काही कळेचना... कुंकू भलतीकडे लागलं का? मग वाटलं, आधी मला ओवाळ म्हणत असतील. मी आपली हसत हसत तबक घेऊन त्यांच्याच जवळ सरकले!

तेवढ्यात त्यांनी नाकातली नळी ओढून काढली, पलंगाच्या पलीकडे भिरकावली आणि वाकून मशीनचं बटण बंद केलं. आता मात्र मी घाबरले. जिवाला कंटाळले की काय हे? नळी उचलायला धावले, तेही हातातल्या तबकासकट...

"दिवा... पहिले दिवा बाहेर ने!"

निरांजन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. नळीतला ऑक्सिजन आबांच्या उशीत, चादरीत, माझ्या सिंथेटिक साडीत भरलेला असणार. एक ठिणगी पुरली असती!

धावत परत आले, मशीन सुरू केली, नळी लावली. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास जाग्यावर आला.

"मशीनवाल्यानं सांगतलं होतं मले, बीडी नको, दिया नको. तू तर मास्तरीण, तुले मालूम असंल म्हणून चूप बसलो." मग दम खाऊन म्हणाले, "पण हवेत बी ऑक्सिजन असते न? मंग देवाजवळचा दिवा कसा नाही भडकत?"

उत्तर मला येत होतं. हवेत नायट्रोजनच जास्त, तो आगीला आवर घालतो... पण आता कसला धडा शिकवायचा!

मी एवढंच विचारलं, "आबा, नळी कशाला काढली? धाप लागली ना किती!"

"तुहा पदर नळीपाशी होता न, बाई."

दोन पावलं चालून दम लागणाऱ्या माणसानं स्वतःचा श्वास सोडला आणि माझा पदर पाहिला. त्या गडबडीत त्यांच्या पाया पडायचंही राहून गेलं... हे लिहून झालं की आधी तेच करणार आहे.