ठणठणीत

लवू परब डॉक्टर झाला तेव्हा लालबागच्या अख्ख्या चाळीनं पेढे खाल्ले, आणि तो दवाखाना टाकणार नाही म्हटल्यावर त्याच चाळीनं कपाळावर हात मारला. परळच्या प्रयोगशाळेत साथीच्या तापांवर संशोधन शिकणार म्हणे! "म्हंजे उंदरांचो डॉक्टर," असं गिरणीच्या विणखात्यातला कुशाबा म्हणाला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एकट्या लवूच्या आईनं, मालननं, नावं ठेवली नाहीत. नवऱ्यामागं तिनं गिरणीतल्या गाववाल्यांची खानावळ चालवून पोराला शिकवलं होतं. लवूची धाकटी बहीण अंबी लहानपणीच तापानं गेली होती. पोरगा त्या तापाच्याच मागे लागतोय, तर लागू दे मेला, असं तिला वाटे.

आणि ताप आला तो नेमका तिच्याच पंगतीत.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, गडी बाहेर पडेनात. सकाळ-संध्याकाळ सगळे मालनच्या ताटावर. संचारबंदी उठली आणि एकेकजण आडवा होऊ लागला. विषमज्वर! शिवा नावाचा उमदा गडी, गोळी कानाशेजारून गेली म्हणून छाती काढून सांगत फिरायचा. त्याचं आतडं फुटलं आणि तो इस्पितळातून परत आलाच नाही. गोळीनं सोडला आणि तापानं नेला, काय म्हणावं ह्या नशिबाला!

लवूचे गुरू डॉक्टर उकिडवे. माणूस शिस्तीचा, जिभेला धार. ते लवूला म्हणाले, "हा ताप येतो कुठून ते तू शोध. पुढचा जायच्या आत शोध. संशोधन पुस्तकात नसतं, गल्लीत असतं."

लवूनं गल्ली पालथी घातली. नळ तपासला, पाण्याचं पिंप तपासलं, दूधवाला भय्या तपासला, भांडी घासणारी राधाबाई तपासली. तिनं शिव्या घातल्या त्याही ऐकून घेतल्या. हाती शून्य. आणि तेवढ्यात कुशाबा अंथरुणाला खिळला. बाप गेल्यावर ह्याच कुशाबानं त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं.

"न उकळलेलं काय जातं त्यांच्या पोटात?" उकिडव्यांनी विचारलं.

"काही नाही, सर. भात, मासे, सगळं गरम. सोलकढी तेवढी..." लवू म्हणाला आणि थांबला.

"पिळतं कोण नारळ?"

"आई. त्या कामाला दुसरीचा हात ती लागू देत नाही."

"तिला तपासलंस?"

"सर, माझी आई ठणठणीत आहे."

उकिडवे म्हणाले, "अरे, तापाचे रोगी कुणीही शोधील. आपल्याला ठणठणीत माणसंच शोधायची असतात."

घरी येऊन लवूनं आईपुढे डबी ठेवली आणि परसाकडचा नमुना हवाय असं सांगितलं. मालन आधी लाजली, मग भडकली. "मेल्या, ह्या बघूक तुका शिकयलंय काय मी?" पण कुशाबाचं नाव काढताच डबी घेऊन निमूट उठली.

ते लवूनं स्वतःच प्रयोगशाळेत, जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत पेरलं. मनात देवाला नवस बोलत पेरलं. उकिडव्यांना कळतं तर त्यांनी कान उपटले असते. उगवले ते काळे, चकचकीत ठिपके, विषमज्वराच्या जंतूंचे. खात्रीच्या सगळ्या चाचण्या त्यानं पुन्हा केल्या. प्रत्येक चाचणी तेच सांगत होती.

तो घरी आला तेव्हा मालन परातीत नारळ पिळत बसली होती. कोपरापर्यंत हात पांढरे. पलीकडे आमसुलं भिजत होती.

"आये, हात काढ त्यातून."

त्यानं सगळं सांगितलं. एकदा ताप येऊन गेला की एखाद्याच्या पोटात ते जंतू वस्तीला राहतात, त्याला स्वतःला काही होत नाही, ते अधूनमधून बाहेर पडले की इतरांना होतं. खानावळ बंद करावी लागेल. मालन ऐकत होती. शिवाचं नाव आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. खानावळीसाठी ती भांडेल, रडेल, असं लवूला वाटलं होतं. तिनं भलतंच विचारलं.

"ताप कधीचो असात?"

"कितीही वर्षांपूर्वीचा. तुला आला होता?"

"इलेलो." ती परातीकडे बघत होती. "उतारलो तेवा अंगात ताकद नाय होती. पण अंबी दुसऱ्याकडे जेवयना. मगे मियाच भरवलंय तिका." हात निपटत ती म्हणाली, "फुडल्या म्हयन्यात गेली ती."

लवूला आठवलं: बशीत दिसलं नाही ते बोलायचं नाही, हा गुरूचा पहिला धडा.

"अंबीचा ताप कुठून आला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आये," तो म्हणाला. शब्द खरा होता, पण त्यानं आईच्या डोळ्यांत बघितलं नाही.

मालननं परातीतलं नारळाचं दूध मोरीत ओतलं. हात धुतले, राखेनं पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. लवू धरायला गेला तर तिनं ते पदराखाली ओढून घेतले. "हात लावू नको माका."

कुशाबा वाचला. त्या पंगतीतला दुसरा कुणी गेला नाही, आणि उकिडव्यांनी चारचौघांत लवूची पाठ थोपटली. पुढे लवूला मुलगी झाली. मालन तिला मांडीवर घेई, गाणी म्हणे. जेवायची वेळ झाली की मात्र सुनेला हाक मारी आणि दोन्ही हात पदराखाली धरून लांब बसून बघे.