साबणानं बुडवलेली सुई

"वास कुठून येतोय?" मॅडमनी नाकाला ओढणी लावली आणि अख्खी लॅब माझ्याकडे वळली.

दादरचं कॉलेज, अकरावी सायन्स. मी शीव कोळीवाड्याची. सकाळी आयबरोबर कोळंबी सोलायची आणि तशीच कॉलेजला पळायचे. "जा, साबण लावून ये," मॅडम म्हणाल्या. गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवयच लागली. कुणी सांगायच्या आधीच बेसिन गाठायचं, कातडी सोलवटेस्तोवर साबणानं बोटं घासायची आणि घाईत धुतली न धुतली करून लॅबमध्ये पळायचं.

मग तो प्रयोग आला. वाटीभर पाण्यावर सुई तरंगवायची. सगळ्यांची तरंगली. माझी बुडाली. पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा तळाला.

"मासे सोलायचे हात हे," मॅडम हसल्या. "तुला नाही जमायचं गं सायन्स. अजून वेळ आहे, आर्ट्सला जा."

पोरं खिदळली. माझी पार्टनरसुद्धा.

घरी येऊन आयला म्हटलं, सायन्स सोडते.

"का गो? डोकं फिरलं का तुझं?" एवढंच बोलली आणि कोयता घासायला बसली.

मी रडत पुस्तक उघडलं. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. सगळ्यात वरच्यांना वरून ओढणारं कुणी नसतं, म्हणून ते आत खेचले जातात. पाणी वर ताणून बसतं, सुईला पेलतं. त्यांच्यात साबण घुसला की पकड सैल पडते.

च्यायला! साबण तर माझ्याच बोटांना होता! मासळीनं नाही बुडवली माझी सुई. ह्या बाईच्या साबणानं बुडवली. असा संताप आला की पुस्तक धाडकन मिटलं.

पुढच्या प्रॅक्टिकलला तोच प्रयोग मार्कांसाठी होता. कोळंबी सोलूनच गेले. हात नुसत्या पाण्यानं धुतले, कोरडे केले. स्वच्छ वाटी घेतली. सुई अलगद ठेवली. तरंगली.

"परत वास! जा, साबण लावून ये."

"नाही जाणार."

"मग मार्क विसर."

तरी हलले नाही. "सुई तरंगतेय मॅडम. आधी ती बघा, मग कापा मार्क."

त्यांनी बघितलं नाही. मार्क मात्र कापले.

कापू देत. सायन्स मी सोडलेलं नाही. आजही कोळंबी सोलून, हात पाण्यानं धुऊन, पहिल्या टेबलापाशी उभी राहते. ज्याला वास येतो, त्यानं मागे जावं.