गच्चीवरची पाटी

ऑफिसात तिला केरसुणी म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला ते आवडायचं. कोडमधल्या चार ओळी खोडून एकीत काम भागवलं की तिचा दिवस सोन्याचा.

तिच्याकडे एक फुकट मिळणारा प्रोग्राम सांभाळायला होता: कागद कमीत कमी वाया घालवून कसा कापावा, हे यंत्राला सांगणारा. तो ज्यानं त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर जुळवून घ्यायचा. ती जुळवणी करून देणारी आज्ञांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, मात्र मारुतीच्या शेपटासारखी लांबलेली. निम्मी तर जुन्या अवजारांच्या, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरांवरच्या मदतनीस प्रोग्रामांच्या, मिनतवाऱ्या करण्यातच जाई. तुझ्याकडे हे नाही? बरं, ते चालेल. तेही नाही? असू दे.

केरसुणीनं रीतसर विचारलं. स्क्रिप्टमध्येच सूचना घातली: जुनी अवजारं कोणी वापरत असाल, तर बोला. वर्षभर कोणी हूं की चूं केलं नाही. मग तिनं तो निम्मा भाग झाडून टाकला आणि सगळ्यांना कॉफी पाजली.

पुढच्या रविवारी ती थोरल्या भावाकडे गेली. त्याचं बुकबाइंडिंगचं दुकान घरालाच लागून. कागद कापायच्या यंत्रावर वहिनीनं कपड्यांच्या घड्या रचल्या होत्या.

"दादा, हे बंद का?"

"तुझा प्रोग्राम नवा घेतला, तो जुळेना. आणि या यंत्राला माझ्या या जुन्या कॉम्प्युटरशिवाय दुसरा चालत नाही. उद्या भंगारवाला येतोय."

"मग जुनाच ठेवायचास ना!"

"जुना पुसल्याशिवाय नवा घालू नये, हे कोणी बजावलं होतं, बये?"

वहिनी आतून म्हणाली, "फोन करा म्हटलं, तर म्हणतात, धाकटीनं विचार करूनच केलं असेल. एवढा विश्वास माझ्या भाजीवर कधी ठेवला नाही हो!"

"पण मी विचारलं होतं! सूचना दिसली नाही तुला?"

"कुठली सूचना?"

केरसुणी त्याच्या पिवळ्या पडलेल्या कीबोर्डपाशी बसली. गेल्या वर्षीची स्क्रिप्ट उघडून तिनं वाचली आणि कपाळाला हात लावला. सूचना तिनं नव्या अवजारांच्या भागात घातली होती. जुनी अवजारं तिकडे फिरकतच नसत. तळमजल्यावरच्यांसाठीची पाटी तिनं गच्चीवर लावली होती. वर्षभर जिला ती होकार समजली, ती शांतता प्रश्न न पोचल्याची होती.

नवी सुटसुटीत स्क्रिप्ट तिनं मोडली नाही. झाडून टाकलेला भाग परत आणून वेगळ्या फायलीत ठेवला आणि नवीच्या अगदी वर, जुन्यात जुन्या अवजारालाही वाचता येईल अशी एकच ओळ लिहिली: जुने असाल, तर मागच्या दारानं या.

वहिनीनं घड्या उचलल्या. यंत्र खाकरलं, पातं खाली आलं आणि गठ्ठा लोण्यासारखा कापला गेला.

भाऊ कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "भंगारवाल्याला काय सांगू?"

"येऊ दे की," वहिनी म्हणाली. "तुमच्या टेबलाखालचं सगळं देऊन टाकते."

"आधी दादाला विचार," केरसुणी म्हणाली, "आणि त्याला ऐकू येईल अशा जागी उभी राहून विचार."